श्वानाचे कुळ आणि स्वभाव

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या माणसाला उद्देशून वापरीत आला आहे. मूळ प्रकृती पालटत नाही, एवढाच तिचा रोख. परंतु ज्या प्राण्याचा दाखला तिने घेतला, त्या प्राण्याच्या बाबतीत ती कितपत खरी आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. शेपटीचा बाक वंशाने येतो, यात वाद नाही. स्वभावही तसाच, शेपटीबरोबर, जन्मतः चिकटून येतो काय? वरवर पाहता हा हौशी लोकांच्या बैठकीतला प्रश्न वाटेल. वस्तुतः घरात कोणते जनावर आणावे, लहान मुलाजवळ कोणते बसू द्यावे आणि सरकारने कोणत्या जातीवर बंदी घालावी, इथपर्यंत तो जाऊन भिडतो.

बंगळूर शहरातील शिवाजीनगर या भागात हा प्रश्न एका फेरफटक्यात मूर्त होऊन समोर येतो. 1638 नंतर बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. पुढे 1809 साली इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली आणि त्या छावणीच्या अंगाने जी वस्ती वाढली तिला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत. आज ती छत्रपतींचे नाव धारण करून आहे. येथील रसेल मार्केटमध्ये आणि त्याच्या भोवताली फळे, फुले, मांस, मासळी यांचा बाजार भरतो. दिवसा हातगाडीखाली अंगाचे मुटकुळे करून पडलेली गावठी कुत्री दुकानांच्या फळ्या पडू लागल्या की उठतात, आळस देतात आणि आपापल्या हद्दीवर रुजू होतात. त्याच गल्लीतून साखळीला बांधलेला एखादा लाब्राडॉर मालकालाच ओढीत नेताना दिसतो. कोणा दुकानदाराच्या पायाशी चपट्या नाकाचा पग धापा टाकीत बसलेला असतो. आणि क्वचित एखादा उंच, सडपातळ, पोट आत गेलेला मुधोळ कुत्रा, गर्दीशी आपला काही संबंध नसल्यासारखा, मान वर करून उभा असतो. चौघांचाही मूळ पुरुष एकच, लांडगा. तरीही एकाचा उत्साह दुसऱ्याला परवडणारा नाही आणि एकाची शांती दुसऱ्याच्या पचनी पडणारी नाही.

हा फरक समजून घ्यावयाचा तर जात म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. कुत्र्याची जात ही रंगारूपाची बाब आहे असे प्रदर्शनातल्या फितींमुळे वाटते. पण बहुतेक जुन्या जातींचा उगम कामात आहे. माणसाला जे काम हवे होते ते ज्या कुत्र्याने बरे केले, त्याची पिल्ले राखली गेली. ज्याला ते जमले नाही त्याचा वंश खुंटला. जर्मनीतील आपोल्डा गावी कार्ल फ्रीड्रिख लुई डोबरमान नावाचा एक करवसुली करणारा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. करवसुली करणाऱ्याचे स्वागत कोणत्याही देशात सारखेच होत असावे! त्याला वाटेत सोबत करणारे, सावध आणि प्रसंगी अंगावर धावून जाणारे कुत्रे हवे होते. त्याने ते निवडीने घडविले, आणि 1894 साली तो वारला तेव्हा त्याचे आडनाव एका जातीला चिकटून राहिले. डोबरमान कुत्रा अनोळखी पावलाला चटकन कान टवकारतो, त्याचे मूळ या गृहस्थाच्या व्यवसायात आहे.

याहून नाजूक उदाहरण इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचे आहे. मेंढरे वळणाऱ्या कुत्र्याला दोन परस्परविरोधी गुण लागतात. शिकाऱ्याप्रमाणे मेंढरावर नजर रोखून त्याला जागच्या जागी खिळविता आले पाहिजे. पण शिकाऱ्याप्रमाणे त्याच्यावर तुटून पडता कामा नये. नॉर्थम्बरलंडमधील ॲडम टेल्फर या मेंढपाळाने मोकळ्या स्वभावाचा एक नर आणि करड्या नजरेची, पण लाजरी अशी एक मादी यांचा जोड लावला. त्यांच्या पोटी 1893 साली ‘हेम्प’ नावाचा कुत्रा जन्मला. तो भुंकत नसे, चावत नसे. नुसत्या नजरेने कळप हलवीत असे. आजच्या बॉर्डर कोली जातीतील बहुतेक कुत्र्यांच्या वंशावळी मागे नेत गेल्यास त्याच्यापाशी पोहोचतात. शिकारीची संपूर्ण क्रिया म्हणजे हुडकणे, नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे. या साखळीतील काही कड्या माणसाने जाड केल्या, काही झिजविल्या. मेंढपाळी कुत्र्यात नजर आणि दबा यांवर भर दिला, पकड झिजविली. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून निपजलेल्या लाब्राडॉरमध्ये वस्तू तोंडात धरून न चिरडता आणून देण्याची कडी बळकट केली. दख्खनच्या माळरानावर धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडणाऱ्या राखणीच्या कुत्र्याला तर मेंढरामागे लागण्याची इच्छाच असता कामा नये. त्याने दिवसा स्वस्थ पडावे आणि रात्री लांडग्याची चाहूल घ्यावी. असा कुत्रा पाहून कोणी त्याला आळशी म्हणेल, तर तो त्याचा रात्रीचा पहारा विसरला असे म्हणावे लागेल.

उत्साहाच्या बाबतीत सर्वसामान्य समजुतीचा मोठा घोटाळा आहे. एखादे कुत्रे फार चपळ आणि दुसरे मंद, अशी एकाच मापाची पट्टी लोक लावतात. खरे पाहता उत्साहाचे प्रमाण ही एक गोष्ट आहे आणि त्याची चाल ही दुसरी. यासाठी मुधोळ कुत्र्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, आणि मराठी माणसाला ते परकेही नाही.

कर्नाटकातील आजच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हे घोरपडे घराण्याचे जुने मराठा संस्थान. या घराण्याचे आणि भोसल्यांचे वैर इतिहासात प्रसिद्ध आहे. 1648 साली शहाजीराजांना कैद करण्यात बाजी घोरपडे यांचा हात होता. या मुलखातील बेरड आणि इतर शिकारी लोकांपाशी लांब पायांची, निमुळत्या तोंडाची कुत्री पूर्वापार होती. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाधिपती मालोजीराव घोरपडे यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्यांनी त्यांची पैदास नीट राखली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, तेव्हापासून मुधोळचे नाव या कुत्र्याला लाभले असे सांगतात. महाराष्ट्रात याच घडणीच्या कुत्र्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली, त्यांत रामपूर, राजापालयम आणि हिमालयी मेंढपाळी कुत्र्यांबरोबर मुधोळचाही मान राखला गेला. मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वानसंशोधन केंद्र आहे. 2016 साली येथली काही पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्राकडे शिक्षणासाठी गेली, आणि 30 ऑगस्ट 2020 रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात देशी जातींची नावे घेताना मुधोळचा उल्लेख केला, त्यामुळे या कुत्र्याचे नाव शहरोशहरी झाले.

नाव झाले म्हणजे मागणी आली, आणि मागणी आली म्हणजे हा रानातला धावपटू तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन दाखल झाला. येथे त्याची प्रकृती समजून घेणे अगत्याचे ठरते. मुधोळ हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. वासावर माग काढीत मैलोगणती चालणे हे त्याचे काम नव्हे. ससा दिसला की बाण सुटावा तसे सुटणे, काही क्षणांत सारी शक्ती खर्चून टाकणे आणि मग दीर्घकाळ पडून राहणे, ही त्याची चाल. अशा धावेत पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि उलगडतो, व एकेका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवेगळे होतात. त्याचा पाश्चात्य भाऊबंद ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरहून अधिक वेग गाठतो, त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांहून अधिक असते, आणि तरीही घरात तो दिवसातला बहुतेक वेळ पाय पसरून झोपलेला असतो. याच्या अगदी उलट बर्फावरच्या ओढगाडीचे कुत्रे. अलास्कात 1973 पासून चालू असलेल्या इडिटारॉड शर्यतीत सुमारे 1,600 किलोमीटरचे अंतर आघाडीचे संघ साधारण 8 ते 10 दिवसांत तोडतात. वेग बेताचा, पण थांबणे ठाऊक नाही. एकाचा उत्साह विजेसारखा, दुसऱ्याचा शेगडीतल्या निखाऱ्यासारखा. मुधोळला साखळीने बांधून तासभर संथ चालविले तर त्याचे समाधान होत नाही. कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत थोडा वेळ मनमुराद धावू दिले तर होते. उलट हस्कीला असे चार फेरे म्हणजे नुसती सुरुवात. शिवाय दुहेरी केसांचा झगा अंगावर असलेल्या या उत्तरध्रुवीय पाहुण्याला बंगळूरची हवा लोकांना वाटते तितकी थंड वाटत नाही.

मुधोळच्या स्वभावाविषयीही तेच. अनोळखी माणसाने डोक्यावरून हात फिरविलेला त्याला रुचत नाही. तो घरच्यांशी एकनिष्ठ असतो, पण त्याची माया अबोल असते. लाब्राडॉरच्या गळेपडूपणाची सवय झालेल्या माणसाला तो तुसडा वाटतो. लाब्राडॉरचा हा आज्ञाधारकपणा तरी किती निर्मळ आहे, हा प्रश्नच आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की, पुष्कळ लाब्राडॉर कुत्र्यांत एका आनुवंशिक घटकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक कधीच पुरती शमत नाही. खाऊच्या लालचीने शिकविणे सोपे जाते ते यामुळेही. पुष्कळदा ज्याला सद्गुण म्हणतात त्याच्या मुळाशी अशी रिकामी पोटाची कथा असते.

एवढे वाचून जातीवरच सारे अवलंबून आहे असे कोणी समजेल. तसे समजणे घाईचे होईल. डॅनिएल फ्रीडमन या अमेरिकन संशोधकाने 1958 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बीगल, फॉक्स टेरियर, शेटलंड मेंढपाळी कुत्रा आणि आफ्रिकेतील बासेंजी अशा चार जातींची पिल्ले त्याने घेतली. तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत निम्म्यांचे लाड केले आणि निम्म्यांना शिस्तीत वाढविले. मग परीक्षा अशी : खोलीत मांसाची वाटी ठेवायची, पिल्लाने तोंड घातले की चापट मारून दटावायचे, आणि माणसाने बाहेर निघून जायचे. आता कोण खातो आणि कोण थांबतो? बीगल आणि टेरियर यांत लाडावलेली पिल्लेच अधिक काळ थांबली. ज्याने प्रेम केले त्याचा शब्द त्यांनी पाळला. बासेंजींनी मात्र, लाडावलेल्यांनी आणि शिस्तीत वाढलेल्यांनी सारखेच, माणसाची पाठ वळताच वाटी साफ केली. आणि शेटलंड पिल्लांनी, मग ती कशीही वाढलेली असोत, मांसाला तोंड लावले नाही. म्हणजे संगोपनाचा परिणाम होतो की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काही जातींत तो लख्ख दिसतो, काहींत मुळाची पकड घट्ट असते. घराघरांतील भावंडांकडे पाहणाऱ्या आईबापांना हा निष्कर्ष अनोळखी वाटू नये.

त्याच प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी तेरा वर्षे केलेल्या कामाचे फलित 1965 साली ग्रंथरूपाने आले. त्यातील व्यवहारात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे कोवळ्या वयाचे महत्त्व. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारे उघडी असतात. या काळात ज्याने माणसे, मुले, वाहनांचे आवाज, छत्र्या, टोप्या, दुसरी कुत्री पाहिली, त्याला ती पुढे भयंकर वाटत नाहीत. ज्याला या काळात अंधाऱ्या खुराड्यात कोंडले, तो मोठेपणी प्रत्येक नव्या गोष्टीला भितो; आणि भ्यालेले कुत्रेच बहुधा चावते. विक्रीसाठी एका पिंजऱ्यात दाटीने भरलेली पिल्ले ज्याने पाहिली असतील, त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. कागदावरची वंशावळ कितीही उत्तम असो, त्या पिंजऱ्यातले आठवडे कागदावर नोंदलेले नसतात.

अलीकडे या वादात आकड्यांची भर पडली आहे. 2022 साली अमेरिकेतील एका संशोधक गटाने 18,385 कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली आणि त्यांतील 2,155 कुत्र्यांची आनुवंशिक द्रव्ये तपासली. निष्कर्ष असा की, दोन कुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक आढळतो, त्यातील सुमारे 9 टक्केच जातीवरून सांगता येतो. सांगितलेले ऐकणे, वस्तू आणून देणे, अशा कामाशी निगडित गुणांत जातीचा वाटा अधिक दिसला. परंतु कुत्रे किती लवकर चिडेल, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. हा निष्कर्ष हेम्पच्या आणि मुधोळच्या हकीकतीला खोडून काढतो असे नव्हे. जातीजातींच्या सरासरीत भेद आहे. पण सरासरी म्हणजे समोरचा कुत्रा नव्हे. देशस्थ अमुक आणि कोकणस्थ तमुक अशी थट्टा मराठी घरांत पुष्कळ चालते, म्हणून कोणी तेवढ्यावर सोयरीक जुळवीत नाही. शिवाय आजच्या बहुतेक जाती शुद्ध म्हणून नोंदल्या जाऊ लागल्याला जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षे झाली आहेत, आणि त्यानंतरची निवड बव्हंशी कामापेक्षा रूपावर झाली.

हा केवळ पंडितांचा वाद राहिला नाही. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू, कांगाल इत्यादी 23 जाती आणि त्यांचे संकर माणसांना धोकादायक ठरवून, त्यांची आयात, विक्री आणि पैदास थांबवावी असे परिपत्रक काढले. त्यामागे निष्पाप माणसांना झालेल्या गंभीर इजांचा इतिहास होता, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवाजीनगरपासून जवळच असलेल्या कर्नाटक उच्च न्यायालयात या परिपत्रकाला आव्हान दिले गेले, आणि एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने ते रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, हे त्यातले प्रमुख कारण. या प्रकरणात दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती. कुत्रे चावण्याची शक्यता किती, हा एक प्रश्न; आणि चावले तर इजा केवढी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जातीत थोडे आणि बालपणात, साखळीत, उपासमारीत, मालकाच्या बेफिकिरीत पुष्कळ आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र जबड्यात आणि वजनात आहे. पग चिडला तर पोटरीला ओरखडा निघेल. 45 किलो वजनाचा रॉटवायलर चिडला तर तेवढ्यावर भागणार नाही. म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मालकावर मोठी जबाबदारी टाकणारा कायदा न्याय्य आहे. नुसत्या नावावर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा मात्र, त्याच जातीतल्या शहाण्या कुत्र्यावर अन्याय करून, बिनानावाच्या बिथरलेल्या कुत्र्याला मोकळे सोडतो.

शिवाजीनगरसारख्या दाट वस्तीत कुत्रे पाळू इच्छिणाऱ्याने मग काय पाहावे? पहिली चौकशी त्याच्या पूर्वजांच्या कामाची. मेंढपाळी कुत्र्याला काम दिले नाही तर तो स्वतः शोधतो. दारावरून जाणाऱ्या रिक्षा तो वळू पाहतो, नाहीतर घरातल्या मुलांच्या टाचा. बीगलचे सारे जग नाकात आहे. त्याला रस्त्याच्या कडेने अर्धा तास हुंगू दिले तर तो धावण्याइतका दमतो, आणि ओढत घाईने नेले तर उपाशी राहतो. 2003 साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दिसला आणि घरोघर पगची मागणी झाली. जाहिरातीत तो मैलभर चालतो. खऱ्या पगला चपट्या नाकामुळे उन्हात श्वास पुरत नाही आणि पळविल्यास जिवावर बेतते. तो शांत असतो हे खरे, पण ती शांती काही अंशी धाप लागण्याची आहे. जाहिरातीने हे सांगितले नाही. जाहिरातींचे ते कामही नव्हे.

दुसरी चौकशी घरातल्या माणसांची. सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतणाऱ्या जोडप्याने पाचव्या मजल्यावर तरुण अल्सेशियन बांधून ठेवला, तर तो सोफा फाडील, शेजाऱ्यांना भुंकून सळो की पळो करून सोडील, आणि वर्षभरात ‘वाईट निघाला’ म्हणून कोणाच्या तरी शेतावर पाठविला जाईल किंवा रात्री रस्त्यात सोडला जाईल. त्याच्यात वाईट असे काही नव्हते. 1899 साली फॉन श्टेफानिट्स या लष्करी अधिकाऱ्याने ज्या कामासाठी ही जात नोंदविली, ते दिवसभर कळपाभोवती फिरण्याचे काम तो मागत होता. तिसरी पाहणी प्रत्यक्ष पिल्लाची, आणि जमल्यास त्याच्या आईची. भांडे पडल्याचा आवाज झाला तर कोणते पिल्लू दचकून पुन्हा पुढे येते, कोणते कोपऱ्यातून हलतच नाही, हे एकाच वेतात निरनिराळे असते. वयाने पोक्त झालेले कुत्रे घेण्याची चाल आपल्याकडे कमी. पण दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव उघडा झालेला असतो, तर पिल्लाचा बराचसा अंदाजच असतो.

राहता राहिले रसेल मार्केटच्या हातगाडीखालचे गावठी कुत्रे. बंगळूरच्या तत्कालीन महानगरपालिकेने 2023 साली केलेल्या पाहणीत रस्त्यावरच्या कुत्र्यांची संख्या सुमारे 2 लाख 79 हजार भरली. यांची निवड कोणा संस्थानिकाने किंवा करवसुली करणाऱ्याने केली नाही. ती रस्त्याने केली. जे वाहनाखाली आले नाही, जे माणसाचा रोख दुरून ओळखू शकले, जे उकिरड्यावर जगून उन्हात शक्ती राखू शकले, त्याचा वंश पुढे चालला. म्हणून त्याचा उत्साह मोजका असतो आणि सावधपणा फार. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसविणाऱ्या चित्रकारांनी बहुधा हेच गावठी कुत्रे डोळ्यांपुढे ठेवले. त्यांत ग्रेहाउंड किंवा पग कधी दिसत नाही. असे दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणणाऱ्याला कोणतीही वंशावळ मिळत नाही. त्याचा बाप बाजारातला राखणदार होता की छावणीतल्या टेरियरचा पणतू, हे कोणी सांगू शकत नाही. त्याला रोज तेवढे पाहावे लागते : आज ते कशाला भ्याले, कशामागे धावले, आणि किती वेळाने स्वस्थ झोपले.